दख्खनला न आलेला पाहुणा

इराणमध्ये शिराझला सहलवाल्यांनी गालिच्यांच्या दुकानाला दोन तास दिले आणि फारसी कवी हाफिजच्या कबरीला चाळीस मिनिटं. त्यावरून बसमध्ये मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी राजधानीचे अवशेष, भर उन्हात उरकलं. नासिर-उल-मुल्क मशिदीत रंगीत काचांमधून ऊन झिरपतं म्हणतात. मला फोटो काढणाऱ्यांच्या पाठी दिसल्या.

हाफेझियेला, म्हणजे हाफिजच्या कबरीपाशी, पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ. आठ खांबांवर दरवेशाच्या टोपीसारखं तांब्याचं छत. हे १९३५ च्या सुमाराचं, आंद्रे गोदार या फ्रेंच माणसाने आखलेलं. खालची शिळा मात्र १७७३ची, तेव्हाचा इथला राज्यकर्ता करीमखान झंद याने बसवलेली. मला वाटलं होतं, शांत शांत असेल. इथे तर अर्धं शिराझ फिरायला आलेलं!

एक आजी शिळेवर दोन बोटं टेकवून पुटपुटत होत्या. मी बघतेय म्हटल्यावर त्यांनी माझा हात ओढून माझीही बोटं टेकवली. मनात प्रश्न धरायचा, हाफिजचा दिवान, म्हणजे काव्यसंग्रह, उघडायचा, समोर येईल ती गझल म्हणजे उत्तर. फाल-ए-हाफिज. आजी वाचत गेल्या; मला बाग, गुल, खबर एवढंच कळलं, आणि तेवढ्यानेच घरच्यासारखं वाटलं. त्यांची नात इंग्रजीत म्हणाली, "धीर धर म्हणतोय."

मी विचारलं होतं, गुडघ्याचं ऑपरेशन करू का. असो.

मग मलाही राहवेना. फरिश्ताने लिहिलेली गोष्ट सांगितली. फरिश्ता म्हणजे आधी अहमदनगरच्या निजामशाहीत नोकरीला असलेला, मग विजापूरला गेलेला इतिहासकार. बहामनी सुलतानाकडून हाफिजला बोलावणं गेलं, वाटखर्चालाही पैसे पोचले. चौदाव्या शतकातली गोष्ट. हाफिज होर्मुझ बंदराला जाऊन जहाजात चढलाही, पण वादळ सुटलं आणि स्वारी खाली उतरली. बहामनींच्या राजधानीला, गुलबर्ग्याला, पोचली ती फक्त एक गझल.

नातीने ते फारसीत सांगितलं. आजी इतक्या हसल्या की ओढणी सावरावी लागली. "बरं झालं घाबरला ते! नाहीतर मला दर गुरुवारी तुमच्याकडे यावं लागलं असतं."

नंतर त्यांनी मला फालुदा खायला घातला. दूध नाही, सब्जा नाही. बर्फाळ शेवया आणि वर लिंबू पिळलेलं. खरं सांगते, आपलाच बरा. पण पैसे काही केल्या देऊ दिले नाहीत.

बस वीस मिनिटं खोळंबली होती. माझ्यासाठी.