आमची वाटचाल: मांडवातल्या हवेचा धंदा

मंडप ठोकणारे वेगळे, सजावटवाले वेगळे, आवाजवाले वेगळे. आम्ही फक्त हवेचं बघतो. भर उन्हाळ्यात कोणी घराच्या अंगणात नाहीतर मागच्या बागेत तंबू घालून लग्न करायचं ठरवलं, की त्याखाली बसणाऱ्या दीडशे-दोनशे माणसांचा जीव कासावीस होऊ द्यायचा नाही, एवढं आमचं काम. पुष्कळांना वाटतं, चार कूलर आणून उभे केले की झालं. त्यांच्यासाठी हे लिहिलेलं नाही, पण वाचलं तर त्यांचंही भलं होईल.

सुरुवात दोघांची. मी गिऱ्हाईक आणि हिशेब बघायचो, मिस्त्री मोटारी बघायचे. पहिलं भांडवल म्हणजे भंगारातून उचललेले पेडेस्टल पंखे, बिडाच्या बुडाचे, रुंद पात्यांचे. मिस्त्रींनी एकेक खोलून वाइंडिंग नव्यानं भरलं, बेअरिंगं बदलली, पात्यांचा तोल पुन्हा साधला. चालू पंख्याजवळ डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "मागचं बेअरिंग कोरडं आहे." खोललं की तसंच निघायचं. त्यातले काही पंखे आजही आमच्या गाडीत असतात. नवे फायबरचे हलके पंखे आम्हीही घेतले, पण बाहेरची झुळूक जोरात आली की ते आडवे होतात आणि मग त्यांच्या पायात विटा ठेवत बसा.

"अरे, हवा गार करायच्या नादी लागू नकोस, माणूस गार कर," हे मिस्त्रींचं पालुपद. माणसाची कातडी साधारण 33 ते 35 अंशांवर असते. हवा त्याहून थंड असली तर पंख्याचा वारा अंगातली उष्णता सरळ ओढून नेतो. त्याहून गरम झाली की सगळी भिस्त घाम वाळण्यावर. पारा 40 च्या वर गेला, की नुसता पंखा म्हाताऱ्या माणसाला उलट भाजतो, कारण त्यांना घाम कमी येतो आणि अंगावर गरम झोत मात्र चालूच राहतो. म्हणून आमच्या कामात आजी-आजोबांच्या खुर्च्या कुठे मांडायच्या, हे नवरानवरीच्या बैठकीआधी ठरतं. काही यजमानांना ते आवडत नाही. नाही तर नाही.

मिस्त्रींचं दुसरं हत्यार एका लाकडी पट्टीवर बसवलेलं: दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात आणि वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या दिवशी पाण्याच्या कूलरकडून मिळू शकणारा जास्तीत जास्त थंडावा. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओला तापमापक 22-23 वर येतो. चांगल्या हनीकॉम्ब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या जाळीच्या, पॅडचा कूलर अशा दिवशी 26-27 अंशांचा झोत देतो. तेच 34 अंश आणि 70 टक्के असेल, तर ओला आकडा 29 च्या आसपास अडतो. मग कूलर तीन-चार अंश खाली आणेल, पण बदल्यात घाम वाळायची वाटच बंद करेल. पाण्याची ताकद कमी समजू नका. तासाला पाच-साडेपाच लिटर पाण्याची खरोखर वाफ झाली, की एक टनाच्या एसीइतकी उष्णता उचलली जाते. फक्त ती वाफ मांडवाबाहेर गेली पाहिजे. कूलर मागून बाहेरची ताजी हवा ओढतो आणि समोरची कनात उघडी असते, तेव्हाच त्याला कूलर म्हणायचं. एसीचा जनक विलिस कॅरिअर, त्यानं 1902 साली आपलं पहिलं यंत्र बांधलं, ते छापखान्यातली आर्द्रता आटोक्यात ठेवण्यासाठी, कागद फुगून छपाई बिघडत होती म्हणून. कागदाला कळलं ते यजमानांना कळत नाही.

आणि छत. छतावर मला एक पुस्तक लिहिता येईल. दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॉट उष्णता टाकतं. दहा मीटर बाय वीस मीटरचा मांडव धरा: डोक्यावर 200 किलोवॉट. त्यातला चौथा हिस्सा जरी कापडातून खाली उतरला, तरी 50 किलोवॉट, म्हणजे 14 टन एसीचं काम नुसतं छतामुळे वाढलं. दीडशे पाहुणे दर माणशी 100 वॉटप्रमाणे 15 किलोवॉट देतात, म्हणजे पाहुण्यांपेक्षा छत तिपटीहून जास्त तापवतं. म्हणून आम्ही दुहेरी छत मागतो: वर पांढरं जाड कापड, मध्ये दोन वितींची मोकळी फट, खाली दुसरं कापड, आणि कण्याला हवा निसटायला झडप. वरचं कापड तापतं, फटीतली हवा तापून वर निघून जाते, खालचं कापड हाताला कोमट लागतं. बंदुकीसारखा तो इन्फ्रारेड तापमापक वर रोखून आम्ही यजमानांना एकेरी आणि दुहेरी छताचे आकडे दाखवतो, तेव्हा त्यांची मान हलते. पैसे द्यायची वेळ आली की म्हणतात, "त्यापेक्षा एक कूलर वाढवा ना."

कनातींचं तसंच. ज्या बाजूनं वारा येतो ती उघडी, समोरची उघडी, ऊन येतं ती झाकलेली. वारा कुठून येतो हे बघायला आम्ही उदबत्ती पेटवून मांडवभर हिंडतो. यंत्रंही आहेत आमच्याकडे, पात्यांचं छोटं वायुवेगमापक आहे, पण कोपऱ्यातली हवा जागीच घुटमळतेय हे उदबत्ती जितक्या लवकर सांगते तितकं ते सांगत नाही.

आता त्या उन्हाळ्याचं सांगतो. लोकांनी आमच्याविषयी जे ऐकलंय ते त्याच उन्हाळ्याचं.

आमच्याच भागात तेव्हा एक मोठी पेढी उतरली होती. नाव घेत नाही. भरपूर यंत्रं, रंगीत माहितीपत्रक, "संपूर्ण वातानुकूलित मांडव" अशी भाषा. एका घरच्या लग्नात वधूची खोली त्यांच्याकडे आणि बागेतला मांडव आमच्याकडे होता. दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं, पाऊस नाही, हवा ओली. पट्टीवरचे दोन्ही आकडे जवळजवळ आलेले. मी यजमानांना कागदावर लिहून दिलं: कनाती उघड्या, फक्त पंखे, कूलर बंद, कनाती बंदच हव्या असतील तर एसी आणि त्याला पुरेल असा जनरेटर. त्यांनी पहिलं मान्य केलं, सही केली. कागद अजून आहे.

सकाळी सजावटवाले आले. छायाचित्रात मागची भिंत दिसते म्हणून त्यांनी तिन्ही बाजूंना पडदे सोडले. चौथ्या बाजूला प्रवेशाची कमान, तिलाही जाड पडदा, "गारवा बाहेर जाऊ नये म्हणून". कसला गारवा? आमच्या हाताखालचा पोरगा जागेवर होता, त्यानं पडदे वर करायला घेतले तर त्याला दटावून बाहेर बसवलं. मग कोणीतरी आमचे बंद ठेवलेले कूलर सुरू केले. बंद मांडवात तीच ओली हवा कूलरमधून पुन्हा पुन्हा फिरू लागली. त्यात व्हिडिओवाल्यांचे हॅलोजन. हजार वॉटचा एक हॅलोजन म्हणजे दहा पाहुणे जास्तीचे, आणि तेही न हलणारे. जेवणाच्या आधीच एका वयस्कर बाईंना भोवळ आली. त्यांना सावलीत झोपवलं, अंगावर पाणी मारलं, वारा घातला, तासाभरात त्या सावरल्या, हे नशीब.

मी पोचलो तेव्हा पडदे वर बांधलेले होते आणि आमच्या कूलरवरचं आमचं नाव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पडदे कोणी सोडले, हे कोणी विचारलं नाही. यजमानांनी उरलेली रक्कम दिली नाही. त्या पेढीचा माणूस तिथेच होता, त्यानं आमच्या कूलरचा फोटो काढला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ह्यांच्या मांडवात माणसं गुदमरतात. मोसमाची उरलेली कामं एकेक करून सुटली. अनामत परत करता करता आम्ही जनरेटर विकला. मिस्त्रींनी स्वतःच्या साठवणीतून पोराचा पगार दिला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. मला ते पुढे पोराकडून कळलं.

दुसरं सांगायचंच तर त्या पेढीच्या हिशेबाचं. खोलीला क्षेत्रफळावरून टन ठरवतात तसे ते मांडवाला ठरवायचे. कापडाच्या भिंती, कापडाचं छत, माणसं आत-बाहेर करणार, आणि हे खोलीचा तक्ता लावणार! कॉम्प्रेसर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट ओढतो. सगळे एकदम सुरू केले की जनरेटर मान टाकतो. त्यांच्या एका मांडवात नेमकं हेच झालं, तेव्हा गावभर काहीच झालं नाही. तेव्हा म्हणे "तांत्रिक अडचण". पुढे त्यांच्या माहितीपत्रकात दुहेरी छत आलं, "आमची खास रचना" म्हणून. दुहेरी छत आमचंही नाही, तंबूवाल्यांची जुनी विद्या आहे ती. पण छापलेला फोटो आमच्या मांडवाचा होता. कण्याजवळचं ठिगळ मिस्त्रींनी स्वतः शिवलेलं, निळ्या दोऱ्यानं. ते ठिगळ फोटोतून कापायलासुद्धा त्या पेढीनं वेळ घेतला नाही.

आम्ही पुन्हा उठलो ते एका बाईंमुळे. निवृत्त शिक्षिका, थोरल्या मुलीचं लग्न आमच्याकडून करून घेतलेलं. त्या लग्नाच्या आधी अंगणातलं तापमान तासातासाला वहीत लिहून ठेवणारी ही एकच गिऱ्हाईक मला आयुष्यात भेटली. भोवळीची गोष्ट कानावर गेल्यावर स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "कागद दाखव." वाचला, चष्मा काढला, म्हणाल्या, "धाकटीचं लग्न तूच करायचंस. आणि पडद्यांना मी राखण बसते." खरंच बसल्या. सजावटवाला पडद्याला हात लावायला गेला की यांची छडी पुढे. नात्यातल्या चार घरांना त्यांनीच आमचं नाव सांगितलं आणि प्रत्येक ठिकाणी अट घातली की आधी पट्टीवरचे आकडे बघायचे.

पुढची वर्षं बरी गेली. जनरेटर पुन्हा आला, गाडी मोठी झाली.

मिस्त्रींचे हात आता थरथरतात, वाइंडिंग त्यांचा पुतण्या करतो. धंद्यात नात्यातला माणूस घ्यायचा तर आधी एक मोसम त्याला दुसऱ्याकडे राबायला पाठवा, हे माझं सांगणं. आमच्या पुतण्याला टाक्या घासायचा कंटाळा होता. कूलरच्या टाकीतलं कोमट, साचलेलं पाणी म्हणजे लेजिओनेला जंतूचं घर. 1976 साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात माणसं दगावली ती त्याच जंतूनं, म्हणून तर त्याला हे नाव पडलं. हे सांगितल्यापासून तो न सांगता घासतो. प्रत्येक काम झालं की टाकी रिकामी, कोरडी, पॅड उन्हात.

बर्फाच्या लाद्या पंख्यासमोर ठेवायची कल्पना दर वर्षी कोणीतरी काढतं. शंभर किलो बर्फ पूर्ण वितळला तरी एक टनाचा एसी तीन तासांहून कमी चालवल्याइतकंच काम होतं, वर चिखल होतो तो वेगळा. तुषारांचे पंखे हवे असतील तर उच्च दाबाचे, 70 बारच्या आसपासचे घ्या. नळाच्या दाबावर चालणारे तुषार कपडे भिजवतात आणि पाणी जड असेल तर नोझल बुजतात. शेगड्या आणि जनरेटर मांडवाच्या वाऱ्याखालच्या बाजूला, म्हणजे वारा मांडवातून जिकडे जातो तिकडे, ठेवा. पिण्याचं पाणी प्रत्येक रांगेच्या टोकाला ठेवा, एका कोपऱ्यात नको. उठून जावं लागलं की म्हातारी माणसं पीत नाहीत.

काम ठरवायचं असेल तर जागा बघायला आम्हाला दुपारी तीनला बोलवा. संध्याकाळी सहाला सगळ्याच बागा छान वाटतात. सजावटवाल्यांनाही त्याच वेळी बोलवा. पट्टी आम्ही आणतो, आणि पडद्यांचं कलम आता कागदावर पहिलं असतं, त्यावर दोघांच्याही सह्या लागतात.