व्हिडिओ बघून नेमकं सांगायचं काय?

"लोक व्हिडिओत एवढे बदल सांगतात, तुम्हाला राग येत नाही काय ओ?" असं मला बेळगावात कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा नवा एडिटर असतो, नाहीतर कॉलेजात मास कॉम शिकणारी एखादी पोरगी. दुसरा प्रश्न पलीकडच्या बाजूनं येतो, दुकानदारांकडून. "पुतण्यानं आमच्या दुकानाचा व्हिडिओ केलाय, बरा नाही झालेला. त्याला वाईट न वाटता सांगायचं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एका दमात देते, कारण माझ्या मते घोटाळा दोन्हीकडे एकच आहे. बघणाऱ्यानं आपल्याला काय दिसलं ते सांगायचं असतं, आणि तो सांगत बसतो काय करायला पाहिजे ते.

मी टिळकवाडीत घरूनच एडिटिंग करते. मिठाईवाले, कापडदुकानं, खानापूरकडची होमस्टे, कुणाचा घरगुती मसाला, असल्यांचे अर्ध्या-पाऊण मिनिटाचे जाहिरातीचे व्हिडिओ. आधी लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे होते. तिथं प्रतिक्रिया ठरलेली: "आमच्या आत्या कुठंच दिसत नाहीत." आत्या शोधायच्या, घालायच्या, काम संपलं. जाहिरातीत आत्या सापडत नाहीत. काहीतरी कमी आहे एवढंच सगळ्यांना जाणवतं, आणि मग जो तो आपापला इलाज सांगतो.

कुंद्याच्या एका दुकानाचं काम होतं. कुंदा म्हणजे दूध आटवून केलेली आमची बेळगावची मिठाई. पहिला कट बघून मालक म्हणाले, "मॅडम, जान नाही हो. म्युझिक वाढवा की जरा." आता म्युझिक वाढवणं हे एका बोटाचं काम, वाढवून पाठवलं असतं आणि पुन्हा "जान नाही" आलं असतं. म्हणून त्यांना म्हटलं, फोन हातात घ्या, पुन्हा बघा आणि कंटाळा येईल तिथं थांबवा. त्यांनी थांबवलं ते कढईवर. दूध आटतंय, झारा फिरतोय, वाफ येतेय. मोठ्या स्क्रीनवर बघताना मला तो शॉट फार आवडला होता, म्हणून चांगला लांबवला होता. पण कुंदा प्रत्यक्ष दिसत होता तो एकोणिसाव्या सेकंदाला. तोवर गिऱ्हाईक पुढच्या रीलवर गेलेलं असणार. म्युझिकला हात न लावता चमच्यानं कुंदा मोडतानाचा जवळचा शॉट पहिल्यांदा आणला, दाणा दिसेल असा, आणि कढई नंतर दोन सेकंदांत उरकली. मालक खूश, आणि त्यांच्या मते म्युझिक वाढलं होतं.

पण त्या कामातली खरी प्रतिक्रिया त्यांच्या बायकोची. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांनी फोनमध्ये डोकावलं आणि म्हणाल्या, "कुंदा काळा दिसालाय. करपलाय वाटेल." बस्स, एवढंच. काय दिसतं ते सांगितलं, आणि ते बघून नवख्या माणसाला काय वाटेल तेही. दुकानात वर ट्यूबलाइट, काउंटरच्या काचेत पिवळे बल्ब, कॅमेऱ्यानं कुठला तरी एकच उजेड धरला आणि कुंद्याचा तांबूस रंग हिरवट काळा झाला. बेळगावच्या माणसाला फरक पडत नाही, त्याला चव माहीत आहे. पण व्हिडिओ काढला होता पुण्या-मुंबईला कुरिअरनं मागवणाऱ्यांसाठी, आणि त्यातल्या कित्येकांनी कुंदा कधी बघितलेलाच नसतो. रंग दुरुस्त करायला मला दहा मिनिटं लागली. त्या बाईंनी "ग्रेडिंग बदला", म्हणजे सगळ्या व्हिडिओची रंगसंगती बदला, म्हटलं असतं तर मी तासभर भलतंच काही करत बसले असते.

शिंप्याकडे गेल्यावर ब्लाऊज काखेत काचतोय एवढं आपण सांगतो, कात्री कुठं मारायची ते सांगत नाही. व्हिडिओच्या बाबतीत मात्र प्रत्येकजण कात्री घेऊनच येतो. "इथं झूम करा", "तिथं ड्रोन घाला", "फॉन्ट बदला". मी या सूचना टाकून देत नाही, पण त्यांच्या मागचं दुखणं विचारून घेते. "ड्रोन घाला" म्हणणाऱ्या होमस्टेवाल्याचं दुखणं एवढंच होतं की घर जंगलाला लागून आहे हे कुठंच दिसत नव्हतं. खिडकीतून घेतलेल्या एका शॉटमध्ये ते भागलं.

दाखवायचं कुणाला, हे त्याहून महत्त्वाचं. घरच्या ग्रुपवर टाकलात तर सगळे अंगठे वर येणार. आपल्याकडं तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही, त्यात मालकाचा व्हिडिओ, मग काय विचारता. मी तो अशाला दाखवते ज्याला दुकान माहीत नाही. त्याच्याच फोनवर, एकदाच, आवाज बंद ठेवून, कारण बसस्टँडवर बसलेला माणूस तसाच बघतो. मधे मी एक अक्षर बोलत नाही. संपल्यावर विचारते, काय विकतायत? दुकान कुठं आहे? तुम्ही आता काय कराल? "आवडला का?" हे विचारतच नाही. आवडून कुंदा खपत नाही.

गणपत गल्लीतल्या कापडदुकानाचा व्हिडिओ असाच गोव्यातल्या एका ओळखीच्या बाईंना पाठवला होता. चोर्ला घाटातून खरेदीला बेळगावात येणारी मंडळी हेच त्या दुकानाचं मोठं गिऱ्हाईक. आम्ही इकडं कोणती साडी आधी दाखवायची यावर दोन दिवस वाद घातलेला. त्या बाईंनी उलट विचारलं, "गाडी कुठं लावायची?" शनिवारी संध्याकाळी गणपत गल्लीत गाडी घालून बघितलेल्या कुणालाही हा प्रश्न पटेल, पण आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता, कारण आम्ही सगळे स्कूटरवाले. व्हिडिओतल्या शेवटच्या पाटीवर पत्त्याखाली पार्किंगची जागा घातली. मालकाला ती ओळ शोभेची वाटली नाही. मी हट्टानं ठेवली.

आवडीनिवडीच्या पलीकडची एक प्रतिक्रिया असते, तिच्यापुढं वाद घालायचा नाही. अथणीकडच्या एका पोरानं काकांच्या कोल्हापुरी चपलांचा व्हिडिओ करून मला बघायला दिला होता. पोरगं हुशार, कॅमेरा चांगला धरतं. पण मधे हातोडीनं खिळा ठोकल्याचा एक शॉट, ठोक-ठोक आवाजासकट, कुठून तरी आणून घातलेला. त्याच्या घरी चपलेच्या वेण्या वळणाऱ्या आजी आहेत. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या चपलेत खिळा कुठला रे?" अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीनं शिवतात, खिळा नसतो, हीच तर तिची ओळख. पोरगं मला सांगत होतं, "पण मॅडम, फील येतो." म्हटलं, फील तुझ्याकडं ठेव, शॉट काढ. जाणकार गिऱ्हाईक त्या एका सेकंदात निघून जाईल, आणि तेच गिऱ्हाईक जास्त पैसे देणारं असतं.

त्याच व्हिडिओच्या शेवटी अक्षरं होती, "महाराष्ट्राची शान". घर अथणी तालुक्यात, जिल्हा बेळगाव, म्हणजे कर्नाटकात! कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे इकडचे चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे तिकडचे चार. ("इकडचे" कुठले आणि "तिकडचे" कुठले, हे आमच्यात बोलणारा कुठं उभा आहे त्यावर ठरतं.) मी त्याला एवढंच म्हटलं की ही ओळ वाचून मला वाटलं चप्पल कोल्हापुरात होते, अथणीत नाही. पुढचं त्यानंच ठरवलं आणि तिथं गावाचं नाव घातलं. सुरुवातीला त्यानं प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीची २०२५ मधली बातमी लावली होती, मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या होत्या ती. तीस सेकंदांतले पाच सेकंद प्राडाची फुकट जाहिरात, एवढं दाखवून दिल्यावर तेही त्यानंच काढलं.

भाषेबद्दलच्या प्रतिक्रिया हा आमच्याकडचा वेगळाच प्रांत. एक मामा म्हणणार मराठी वर पाहिजे, दुसरे म्हणणार कन्नड नसेल तर चिकोडी-गोकाकचं गिऱ्हाईक येणार नाही, मालकाचा मुलगा म्हणणार हिंदीत करा, सगळ्यांना कळेल. कुणीच चुकीचं बोलत नाही. मालक गल्ल्यावर बसून दिवसभर तिन्ही भाषा बोलत असतो. पण उभ्या व्हिडिओत दोन लिप्यांच्या ओळी एकाखाली एक घातल्या की साडी दिसायला जागाच उरत नाही, आणि खालची ओळ अकाउंटच्या नावाखाली आणि कॅप्शनखाली झाकली जाते. म्हणून मी दोन वेगळ्या फाइली करते, एक मराठी आवाजाची, एक कन्नड आवाजाची, आणि पैसे दीडपट सांगते. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतंच, त्यामुळं बाहेरचा शॉट दोन्हीकडं चालतो. कन्नड फाइल मात्र शेजारच्या काकूंना दाखवल्याशिवाय पाठवत नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग नीट नसेल तर कन्नड जोडाक्षरं मोडतात, अक्षराच्या पोटाखाली जायचा तुकडा शेजारी येऊन बसतो. मला ते पटकन दिसत नाही. काकूंना चहाचा कप हातातून खाली ठेवायच्या आत दिसतं.

आता रागाबद्दल. येतो की! सगळ्यात जास्त येतो तो गाडी चालवत पाठवलेल्या तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजचा, ज्यात "ते मधलं जरा कसंतरी वाटतंय" एवढंच हाती लागतं. म्हणून काम घेतानाच दोन गोष्टी ठरवून टाकते. बदल लेखी द्यायचे, सेकंद लिहून: "०:१२, काकांचा आवाज ऐकू येत नाही." आणि बदल एकाच माणसाकडून यायचे. दुकानात थोरले मालक, धाकटे मालक, सून, सीए, सगळ्यांची मतं असू देत, त्यांच्यातलं भांडण त्यांनी आत मिटवावं. एकदा थोरल्यांनी घालायला लावलेला देवीचा फोटो धाकट्यांनी काढायला लावला, तो थोरल्यांनी पुन्हा घालायला लावला. बदलांच्या दोन फेऱ्यांपर्यंत जादा पैसे घेत नाही. तिसऱ्या फेरीला पैसे लावल्यापासून घरातली भांडणं लवकर मिटायला लागलीत.

काही प्रतिक्रिया ऐकून घ्यायच्या आणि कारण सांगून परत करायच्या. "ते चालू असलेलं सिनेमातलं गाणं लावा" ही नेहमीची. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला तसली बरीच गाणी मिळतच नाहीत, आणि बाहेरून चिकटवलं तर आवाज बंद व्हायची भीती. काही प्रतिक्रिया व्हिडिओच्या नसतातच. वडगावच्या मागावरच्या साडीचा व्हिडिओ बघून मालक म्हणाले, "पदर नाचालाय." बारीक चौकडी आणि जरीच्या रेघा कॅमेऱ्यात लहरतात हे खरं, शूटिंगच्या वेळी कॅमेरा मागं-पुढं करून ते सांभाळावं लागतं. पण इथं मूळ फाइल स्वच्छ होती, व्हॉट्सअॅपनं दाबून बारीक केल्यावर पदर नाचायला लागला. तेव्हापासून मी फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवते.

राहिला पुतण्या. त्याला चारचौघांत सांगू नका, ग्रुपवर तर नकोच. शेजारी बसवा, त्याच्याच फोनवर दोघं मिळून बघा. व्हिडिओ कुणासाठी केलाय ते आधी त्याच्या तोंडून ऐका, नाहीतर तुम्ही म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या नजरेनं बोलाल आणि त्यानं केला असेल कॉलेजच्या पोरांसाठी. जे खरंच नजरेत भरलं ते सेकंदासकट सांगा, "सातव्या सेकंदाला आजीचे हात दिसतात, तिथं मी थांबलो." मग जिथं तुमचं लक्ष उडालं ती जागा सांगा आणि गप्प बसा. तो बोलेल. "पण तू मेहनत घेतलीस हां" असलं काही मागं जोडू नका, पोरांना ते बरोबर कळतं.

आणि व्हिडिओ एकदा टाकून झाला असेल, तर जे बदलता येतं तेवढंच बोला. इन्स्टाग्रामवर टाकल्यानंतर कॅप्शन आणि कव्हर बदलता येतं, आतला व्हिडिओ बदलता येत नाही. यूट्यूबवरही त्याच लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही. तेव्हा रंग, म्युझिक, फॉन्ट यावरची मतं पुढच्या व्हिडिओसाठी वहीत लिहून ठेवा. फोन नंबरातला एखादा आकडा चुकलेला दिसला, तर मात्र रात्री अकरालाही फोन करून उठवा, म्हणजे लोकांनी शेअर करायच्या आत काढून नवा टाकता येतो.