ठेकेदाराच्या हाती खर्ज

पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने हौसेने बास गिटार घेतली. नोकरी लागली, हौस संपली, आणि गिटार आमच्या अमळनेरच्या घरी माळ्यावर कूलरशेजारी येऊन पडली. गेल्या होळीनंतर कूलर उतरवायला चढलो, तर कूलरच्या आधी तीच माझ्या डोक्यावर उतरली. टेंगूळ दोन दिवस टिकलं. गिटार अजून टिकून आहे.

मी ड्रमर. एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात ठेका धरला, म्हणून मित्र मला ठेकेदार म्हणतात; बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं मी रस्ते बांधतो. लग्नसराईत हळदीच्या रात्री, नवरात्रात नंदुरबार-दोंडाईचाकडचा गरबा, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. तिथे घोडे नाचायचे, त्यांच्यापेक्षा जास्त घोड्यांचे मालक नाचायचे. टेम्पोत मागे ड्रमची खोकी आणि खोक्यांवर मी, असा अर्धा खानदेश मी उलटा, मागे सरकताना पाहिलेला आहे. आता टाच दुखते. उजवीच, किकची, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमची. डॉक्टर म्हणाले, पायाला आराम द्या. माझ्या धंद्यात पायाला आराम म्हणजे स्वयंपाक्याने चूल सोडण्यासारखं. त्याच आठवड्यात गिटार डोक्यावर पडली, म्हणून मी तो इशारा मानला. नुसती दुपारची वेळ जात नव्हती, असंही म्हणता येईल.

कीबोर्डवाल्या मित्राला फोन केला. तो आधी हसला, मग म्हणाला, "डोकं फिरी गे का तुन्हं? त्रेपन्नाव्या वर्षी?"

त्याचं हसणं मला लागलं, कारण या प्रकरणात तोच मुख्य आरोपी आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात बासवाला, म्हणजे गाण्याखालचे जाड स्वर धरणारा, कधी नव्हताच. ते काम कीबोर्डवाल्याचा डावा हात करायचा, उजव्या हाताने जमलं तर. गाणं अवघड असलं की डावा हात उजव्याच्या मदतीला जायचा आणि खालची जागा मोकळी राहायची. पुढे ऑक्टोपॅड आला, काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड. रोलंड कंपनीने तो १९८५ मध्ये काढला, आमच्याकडे यायला बरीच वर्षं लागली. त्याच्या आठ रबरी चौकोनांत ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळं मावायला लागलं. तेव्हा मी फार बोंब मारली होती की माझी जागा गेली. बासवाल्याची जागा कधी नव्हतीच, त्याबद्दल कोणी बोंब मारली नाही. मीही नाही.

आणि खरं सांगायचं तर बास म्हणजे काय हे मी ऐकलंच नव्हतं. आम्ही गाणी शिकलो ती कॅसेटवरून, तळहाताएवढा स्पीकर असलेल्या टेपवर. पंचमदांच्या वाद्यवृंदात ड्रमवर फ्रँको वाझ, त्यांचा प्रत्येक रोल, म्हणजे काठ्यांचा गडगडाट, मी टेप मागे-पुढे करून घोटला. त्याच वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत होते, हे त्या टेपने मला कधी कळूच दिलं नाही. एवढ्याशा स्पीकरमधून तेवढा खालचा आवाज येतच नाही. पन्नाशीत पोरीने चांगले हेडफोन दिले तेव्हा तीच गाणी ऐकून मी चाट पडलो. माझ्या पायाच्या अगदी शेजारी कोणीतरी एवढी वर्षं चालत होतं, आणि माझी त्याची ओळख नव्हती. तबलजी असतो तर कदाचित लवकर कळलं असतं. त्याच्या डाव्या हाताला डग्गा असतो, तो मनगटाने दाबून घुमवता येतो, म्हणजे थोडाफार खर्ज घरचाच. किक तसं काही बोलत नाही. ती फक्त "धप्प" म्हणते.

तर गिटार. गळ्यात घातली आणि पहिल्यांदा कळलं की हे वाद्य नसून तुळई आहे. साध्या गिटारपेक्षा तार लांब, चौतीस इंच. पहिल्या चार फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, चार बोटं पसरायची म्हणजे करंगळीची परीक्षा, आणि माझी करंगळी आयुष्यभर काठीच्या मागे नुसती लोंबत होती. तारा चारच: ई, ए, डी, जी. लिओ फेंडर नावाच्या माणसाने १९५१ मध्ये याची पहिली गाजलेली आवृत्ती बाजारात आणली आणि नाव ठेवलं 'प्रिसिजन', कारण फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो. त्याआधी माणसाएवढा उभा डबल बास असायचा आणि बोट अंदाजाने ठेवायचं. फ्रेट असूनही बोट अंदाजानेच कसं ठेवता येतं, हे फेंडरला आमच्या घरी येऊन बघता आलं असतं.

ऑर्केस्ट्राचा एक जुना पंधरा इंची स्पीकर माझ्याकडे पडून होता, त्याला गिटार जोडली. मी अजून तारेला हात लावला नव्हता तरी स्पीकर गुरगुरायला लागला. आमच्या घराचं अर्थिंग आजोबांच्या काळातलं, त्यामुळे विजेची घरघर थेट स्पीकरमध्ये. वैतागून मी सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवलं आणि छेडलं. घरघर आणि माझा स्वर एकमेकांत मिसळले, आणि त्यातून एक तिसरंच काहीतरी उठलं: वूं... वूं... वूं... फुगतंय, ओसरतंय, पुन्हा फुगतंय. घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाला साधारण एक.

नंतर पुतण्याने फोनवर उलगडा केला. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्या फ्रेटवरचा जी हा स्वर म्हणजे एकोणपन्नास कंपनं. दोघांत फरक एकाचा, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. दोन स्वर जवळजवळ जुळतात पण पूर्ण जुळत नाहीत तेव्हा असं होतं, तंबोरा लावणाऱ्याला हे रोजचं. पण मला त्यात सूर ऐकूच आला नाही. मला ऐकू आला मिनिटाला साठचा ठेका, आणि पाय हलायला लागला. टाच दुखली.

वाजवायला लागल्यावर पहिले पंधरा दिवस मी फार खुशीत होतो. उजव्या हाताची पहिली दोन बोटं एकाआड एक तारेवर चालवायची, म्हणजे आमचं डावी-उजवी काठीचंच काम. जेम्स जेमरसन नावाचा, मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा थोर बासवाला तर एकाच बोटाने वाजवायचा, त्या बोटाला 'हुक' म्हणत. मग मला दोन बोटं खूपच झाली. जॅको पास्टोरियस हा दुसरा नामी बासवाला आधी ड्रमच वाजवायचा, शाळकरी वयात अमेरिकन फुटबॉल खेळताना मनगट मोडलं म्हणून बासकडे वळला. त्याचं मनगट, माझी टाच. साम्य तिथेच संपतं हे मला कीबोर्डवाल्याने येऊन सांगितलं. दहा मिनिटं शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाला, "भाऊ, गिटार शे ती, ढोल नही."

मी दोन दिवस बोललो नाही त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर माझंच वाजवणं रेकॉर्ड करून ऐकलं. स्वर बरोबर होते, लय तर घट्ट होती, तरी सगळा गोठ्यासारखा हंबरडा. कारण सापडायला आठवडा गेला. ड्रमवर काठी पडली की आवाज आपला आपण मरतो. क्रॅश नावाची झांज तेवढी कधीतरी हाताने पकडून गप्प करावी लागते, ती पण टाळी घेण्यासाठी. एरवी एकदा मारलं की त्या आवाजाशी आपला संबंध संपला. इथे तसं नाही. छेडलेली तार तुम्ही गप्प करेपर्यंत बोलत राहते. ए वरून डी वर गेलात तरी ए मागे चालूच. पाहुणे निघतो म्हणून उठतात आणि ओट्यावर अर्धा तास उभे राहतात, तशी. तिला उजव्या अंगठ्याने दाबायचं, डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून किंचित उचलायचं पण तारेवरून काढायचं नाही. किंचित म्हणजे किती, तर पोळीचा पापुद्रा सुटतो तेवढं. मी तेवढ्या एका गोष्टीवर पूर्ण वैशाख घालवला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, सगळं अमळनेर दार लावून झोपलेलं, आणि मी एक स्वर वाजवून तो बंद करतोय. वाजवतोय, बंद करतोय.

पूर्ण अमळनेर झोपलं नव्हतं म्हणा. खर्जाला भिंत लागत नाही. शेजारच्या आजी काठी टेकत आल्या: "हाई काय घुमी ऱ्हायनं रे भाऊ? मन्ही खाट थरथरस." त्यांना वाटलं मालगाडी. आमच्या इथून सुरत-भुसावळ लाइनवरच्या मालगाड्या जातात, त्यांची घरघर रात्री कानाआधी पाठीला कळते. मी त्या तुलनेने सुखावलो, पण तोंडाने माफी मागितली. घरात वेगळीच भानगड. ए ची मोकळी तार वाजली की स्वयंपाकघरात माठावरची स्टीलची ताटली नाचायची. ई ला नाही, डी ला नाही, फक्त ए ला. बायको ताटलीवर वाटी ठेवून गेली. मग वाटी नाचायला लागली. "अहो, बास!" ती ओरडते. आमच्या घरात हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो आणि त्यातला निम्मा वाद्याबद्दल नसतो.

गल्लीतला एक पोरगा माझ्याकडे ड्रम शिकतो. अकरावीत आहे, हात चांगला आहे, प्रत्येक चार मात्रांनी रोल घेतल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही. मीही असाच होतो. फक्त मला तेव्हा शेजारून ऐकायची सोय नव्हती. मागच्या रविवारी त्याला साधा ठेका धरायला लावला आणि बाजूला बास घेऊन बसलो. तो किक मारेल तिथे मी स्वर सोडायचा, एवढंच ठरवलं. दोन फेऱ्या गेल्या. मग मी गंमत म्हणून स्वर लांबवायचा सोडून दिला. त्याची स्नेअर, म्हणजे काठीचा तो कडक आवाजाचा छोटा ड्रम, पडायच्या नेमक्या क्षणी बोट उचलायचं, पापुद्र्याएवढं.

पोराने चमकून स्नेअरकडे पाहिलं. वाजवता वाजवता वाकून खालचा स्क्रूही तपासला. शेवटी थांबला.

"काका, आते हाई एवढी कडक कशी वाजी ऱ्हायनी? तुम्ही कातडं ताणं का?"

मी म्हटलं, कातडं तेच आहे. तुझी स्नेअर पडते तेव्हा मी गप्प होतो, म्हणून ती मोकळी ऐकू येते. त्याने दोनदा वाजवून खात्री केली. मग काठ्या मांडीवर ठेवून बराच वेळ विचार केला.

"म्हंजे काका, तुम्ही नही वाजाडं ते मन्हं भारी वाजस?"

मी स्पीकरचा आवाज थोडा वाढवला.