आमची वाटचाल : गावठी भात आणि डांगी बैल

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं तांदळाचं दुकान आहे. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक नाव घेऊन तांदूळ मागायचं, झिनी किंवा कोळपी. हळूहळू सगळ्या पोत्यांवर ‘कोलम’ एवढंच उरलं. मी गल्ल्यावर बसू लागल्यावर मुरबाड-शहापूरकडे फिरून चौकशी केली. जुने वाण गेले नव्हते, पण घरच्या पेजेपुरते एखाद्या खाचरात तगून होते.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत बियाणं उणे 18 अंशांवर जपतात. ते हवंच. पण तिथल्या बियाला पाऊस-पाणी दिसत नाही. बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचं तर बी दरवर्षी शेतात उतरायला हवं, आणि माल खपणार याची खात्री असेल तरच शेतकरी ते पेरतो. म्हणून आम्ही पेरणीआधीच, रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, भाव ठरवून शब्द देतो. बियाणं मात्र शेतकऱ्याचंच. ते राखायचा, एकमेकांत वाटायचा हक्क त्याला 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं दिलेला आहे.

कापणीआधी पुढच्या पेरणीचं बी निवडायला मी स्वतः खाचरात उतरतो. बांधालगतचं भात सोडायचं, मधल्या भागातल्या एका उंचीच्या, एकदम पिकलेल्या लोंब्या खुडायच्या. कुसळ वेगळं दिसलं की ते रोप बाजूला. भात स्वतःच्याच परागावर धरतं, त्यामुळे शेतात भेसळ कमी होते; खरी भेसळ खळ्यावर आणि गिरणीत. चार पोत्यांसाठी गिरणी झाडून द्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी एका गिरणीवाल्यानं पहाटेची पहिली पाळी आम्हाला दिली, तेव्हा कुठे एका वाणाचा तांदूळ एका पोत्यात आला.

बैलांचा विषय भातातूनच निघाला. 1968 मध्ये ‘जया’ ही भाताची बुटकी जात आली, उत्पन्न वाढलं, लोकांची पोटं भरली. त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण बुटक्या भाताचा पेंढा अपुरा. वैरण घटली, त्यात पॉवर टिलर आला, आणि डांगी बैल दावणीवरून उतरले. धो धो पावसात चिखलणी करावी ती याच बैलानं. कातडी तेलकट, पाठीवर पाणी ठरत नाही, खूर काळे आणि टणक. गायीला दूध बेताचंच, त्यामुळे डेअरीच्या हिशेबात ती बसत नाही. उंच गावठी भात लावलं की पेंढा आपोआप मिळतो. म्हणून डांगी जोडी राखणाऱ्याच्या भाताला आम्ही किलोमागे जास्त भाव देतो आणि त्यांचं शेणखत ठाण्यातल्या गच्चीवरच्या बागांना विकतो. काही घरी आता कालवडी वाढवायला ठेवल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

यंदापासून प्रत्येक पिशवीवर वाण आणि गाव छापतोय. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास निघतं, गरवं दिवाळीनंतर. नवा तांदूळ पेजेला उत्तम. मोकळ्या भातासाठी जुना मागून घ्या.