नियमांच्या खोक्यात बसवलेली गाडी

गेले काही महिने रात्री सगळं आवरलं की मी एका अशा रेस कारवर काम करतोय जी कधीच रस्त्यावर येणार नाही. व्हर्च्युअल रेस कार डिझाइनची स्पर्धा म्हटलं की लोकांना वाटतं गेम खेळायचा असतो, पण तसं नाहीये. गाडी आपण कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर थ्रीडी आकार काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवायची, तिच्या आकाराची एसटीएल फाइल पाठवायची, मग आयोजक सगळ्यांच्या गाड्या एकाच सेटिंगवर सीएफडीमध्ये, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये चालवतात, त्यातून डाउनफोर्स (गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर), ड्रॅग (हवेचा विरोध) आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचा बॅलन्स निघतो आणि हे आकडे लॅप टाइमच्या सिम्युलेशनमध्ये जातात. इंजिन, टायर, वजन सगळ्यांचं सारखं. म्हणजे फरक पडतो तो फक्त आकाराने.

आता नियमांबद्दल, कारण माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. नियमावलीत बहुतेक खोकी असतात, म्हणजे फ्रंट विंग या खोक्यात बसली पाहिजे, रिअर विंग त्या खोक्यात, फ्लोअर म्हणजे गाडीचा तळ या उंचीच्या खाली जाता कामा नये, वरून पाहिलं तर अमुक भाग झाकलेला दिसला पाहिजे, ड्रायव्हरसाठी एवढी जागा मोकळी हवी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती फक्त मनाईची यादी वाटली. तिसऱ्या-चौथ्या वाचनात लक्षात आलं की प्रत्येक ओळीच्या मागे कुणाची तरी आयडिया आहे जी फारच चांगली चालली होती! फॉर्म्युला वनमध्येच बघा ना, लोटस संघाने ७८ आणि ७९ नावाच्या गाड्यांच्या पोटाखालून हवा खेचून डाउनफोर्स मिळवला, बाजूने हवा आत शिरू नये म्हणून सरकते स्कर्ट, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या, तर १९८१ ला सरकते स्कर्ट बंद झाले आणि १९८३ ला तर गाडीचं पोटच सपाट करायला लावलं. १९७८ मध्ये ब्रॅबहॅम संघाने मागे मोठा पंखा बसवला, म्हणाले हा इंजिन थंड ठेवायला आहे, खरं तर तो गाडीखालची हवा ओढत होता, त्यांचा ड्रायव्हर निकी लाउडा स्वीडनची रेस जिंकला आणि ती गाडी परत कधी रेसला आलीच नाही. २००९ चा डबल डिफ्युझर (डिफ्युझर म्हणजे फ्लोअरचा मागे वर चढत जाणारा भाग) तर फ्लोअरच्या दोन पातळ्यांमधल्या फटीला काय म्हणायचं या एका मुद्द्यावर उभा होता.

आमच्या स्पर्धेतही हे होतं. माझ्या फ्लोअरच्या कडेला एक फट होती, नियमात तिला बंदीही नव्हती आणि परवानगीही नव्हती. आता विचारायचं की नाही? विचारलं तर खुलासा सगळ्यांना जातो, म्हणजे आयडिया फुकट वाटल्यासारखी, आणि नाही विचारलं तर फाइल बाद होण्याची भीती. मी दोन दिवस घोळ घातला आणि शेवटी विचारलं. उत्तर आलं की चालेल, आणि पुढच्या राउंडला आणखी दोन गाड्यांवर तशीच फट. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण परत अशी वेळ आली तरी मी विचारेनच, कारण रेस संपल्यावर कुणी बोट दाखवण्यापेक्षा ते बरं.

सिम्युलेशन आम्ही ओपनफोम या सीएफडी सॉफ्टवेअरमध्ये करतो, ते फुकट आहे म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतं. अर्धीच गाडी घेतात, कारण डावी-उजवी बाजू सारखी. जमीन गाडीच्या वेगाने मागे सरकवतात आणि चाकं फिरवतात, हे फार महत्त्वाचं आहे, जमीन स्थिर ठेवली तर तिच्यावर संथ हवेचा थर साठतो आणि फ्लोअरचे आकडे साफ चुकतात. रेडिएटर म्हणजे सच्छिद्र ठोकळा, त्यातून पुरेशी हवा गेली नाही तर पेनल्टी. मी आधी हवा आत यायचं तोंडच मोठं करत बसलो होतो, ड्रॅग वाढत गेला आणि कूलिंग जैसे थे. मग कळलं की बाहेर पडायची जागा कमी दाबाच्या भागात नेली की लहान तोंडातूनही हवा भरपूर खेचली जाते.

मेशने, म्हणजे गणितासाठी गाडीभोवतीची हवा ज्या छोट्या-छोट्या चौकटींत (सेलमध्ये) कापतात त्या जाळीने, मला सगळ्यात जास्त रडवलं. रिअर विंगची मागची कड मी एक मिलिमीटर ठेवली होती, कॅडमध्ये काय सुंदर दिसत होती, पण तिथले मेशचे सेल पाच मिलिमीटरचे, त्यामुळे ती कड मेशमध्ये धड उतरलीच नाही, विंग आखूड आणि दातेरी झाली. आठवडाभर मी विंगचा कोन बदलत होतो आणि आकडे हलेनात! तेव्हापासून आधी मेश उघडून बघायची, मगच आकडे. शिवाय चाकांमागची हवा कधीच शांत होत नाही, आकडे वर-खाली होत राहतात, म्हणून शेवटच्या काही शे इटरेशनची, म्हणजे गणिताच्या फेऱ्यांची सरासरी घ्यावी लागते आणि अर्धा टक्का फायदा दिसला तरी मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

यावरूनच एक गोष्ट जी मला मनापासून सांगायची आहे. मागच्या राउंडला डिफ्युझरच्या वर एक बारीक पट्टी लावली तर डाउनफोर्स छान वाढला, अर्ध्या टक्क्यापेक्षा बराच जास्त. म्हणून घरी मेश बारीक करून तीच गाडी परत चालवली आणि फायदा पूर्ण गायब. म्हणजे ती पट्टी हवेला फसवत नव्हती, स्पर्धेच्या जाड्या मेशला फसवत होती. नियमात पूर्ण बसणारी होती, पाठवली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. मी काढून टाकली. काही जण म्हणतात की इथे सोल्व्हर, म्हणजे गणित करणारा प्रोग्राम, हाच ट्रॅक आहे, त्याच्यावर जे जोरात पळतं तेच खरं, आणि हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हे मान्य. पण नियमातली फट शोधणं वेगळं आणि गणितातली चूक वापरणं वेगळं, पहिल्यात गाडी समजून घ्यावी लागते. २०१० मध्ये व्हर्जिन संघाने विंड टनेलशिवाय (म्हणजे बोगद्यात मॉडेलवर खरी हवा सोडून तपासल्याशिवाय) फक्त सीएफडीवर फॉर्म्युला वनची गाडी बनवली, सीझनभर एकही पॉइंट मिळाला नाही. संघ नवा होता, पैसे कमी होते, सगळा दोष सीएफडीचा नाही, तरी त्यांना निदान ट्रॅकवर गेल्यावर खरं-खोटं कळत होतं. आमच्याकडे ट्रॅक नाहीच, म्हणून ते भान आपणच ठेवायचं.

अजून एक खटकतं ते म्हणजे मशीनचा फरक. फॉर्म्युला वनमध्ये आता विंड टनेल आणि सीएफडीवर मर्यादा आहे, पहिल्या नंबरच्या संघाला ठरलेल्या कोट्याच्या ७० टक्के आणि दहाव्याला ११५ टक्के. आमच्याकडे घरी किती रन करायचे यावर बंधन नाही, माझा एक रन रात्रभर चालतो आणि ज्याच्याकडे मोठं मशीन आहे तो तेवढ्यात सहा करतो. याबद्दल काहीतरी व्हायला हवं असं मी आयोजकांना कळवलंय.

पुढची रेस लांब सरळ रस्त्यांच्या ट्रॅकवर आहे, ड्रॅग कमी करायचा तर मागच्या विंगचा एक फ्लॅप, म्हणजे तिच्या पात्यांपैकी एक, जाणार, तो गेला की बॅलन्स पुढे सरकणार आणि दिलेल्या मर्यादेबाहेर जाणार, म्हणून फ्रंट विंग दोन डिग्रीने उतरवून आत्ता रन लावलाय. सकाळी आकडे बघतो.