टकलात जगलेल्या लसूणघासाचं बी धरावं का?

खारपाणपट्ट्यात लसूणघास (चाऱ्याचं पीक, ल्युसर्न) लावली की दुसऱ्या-तिसऱ्या कापणीपर्यंत वावराला जागोजागी टक्कल पडतं. त्या टकलात चार-दोन झाडं मात्र हिरवीगार उभी असतात. ती पाहून मनात येतं, याचंच बी धरावं. लसूणघासाच्या बाबतीत हा विचार अगदी बरोबर आहे. संकरित नेपियरच्या बाबतीत तो पूर्ण चूक आहे, आणि ज्वारीच्या बाबतीत बहुतेकदा फुकट जातो. झाड जगलं ते त्याच्या अंगच्या गुणानं की पायाखालच्या मातीमुळं, हे पिकाचं बी कसं तयार होतं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आधी मातीचं. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या काळ्या जमिनीत, खरा त्रास नुसत्या मिठाचा नाही. खालच्या थरात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. अशी माती भिजली की फुगते, तिची छिद्रं बुजतात आणि पाणी खाली उतरत नाही. अशा जमिनीला चोपण म्हणतात, आणि कणांना चिकटलेल्या या सोडियमला विनिमययोग्य सोडियम. पुस्तकात चोपण जमिनीची व्याख्या विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर अशी असते. आपल्या चिकण काळ्या मातीत मात्र तो ५ टक्क्यांवर गेला तरी निचरा बिघडू लागतो. मुळाला हवा मिळाली नाही की सोडियम बाहेर ठेवण्याची तिची ताकद जाते आणि तो सरळ पानात चढतो. म्हणून पावसाळ्यात पाणी साचून पिवळं पडलेलं आणि क्षारानं जळलेलं झाड यांत फरक करणं अवघड असतं. जुन्या पानांचे शेंडे आणि कडा आधी करपल्या असतील तर संशय सोडियमवर घ्यावा.

माती परीक्षणाच्या कार्डावरची क्षारता पाहून निश्चिंत होऊ नका. प्रयोगशाळेत एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन ती मोजतात. पिकांच्या सहनशक्तीचे तक्ते मात्र संपृक्त लगद्यातून, म्हणजे माती पाण्यानं जेमतेम पूर्ण भरेल इतकीच भिजवून केलेल्या लगद्यातून, काढलेल्या पाण्यावर बेतलेले आहेत. १०० ग्रॅम काळ्या मातीचा लगदा साधारण ७०-८० मिली पाण्यात होतो, तर कार्डासाठी २५० मिली पाणी घातलेलं असतं. म्हणजे कार्डावरचा आकडा ढोबळमानानं तिपटीनं पातळ झालेला. नमुना देताना लगद्याची क्षारता आणि विनिमययोग्य सोडियम मागा, आणि ०-३० व ३०-६० सेंटिमीटरचे नमुने वेगळे द्या. वरची माती चांगली आणि खालची खराब हे इथलं नेहमीचं चित्र आहे. लसूणघासाचं मूळ खोल जातं, त्यामुळं ती पहिल्या दोन कापण्या देते आणि मग बसते.

आता आकडे. लगद्याची क्षारता डेसिसायमन (दर मीटरला) या एककात मोजतात. लसूणघासाची मर्यादा २ डेसिसायमन. त्यापुढं दर एककाला ७.३ टक्के उत्पादन घटतं. बरसीम १.५ आणि ५.७ टक्के, चाऱ्याचा मका १.८ आणि ७.४ टक्के, चाऱ्याची चवळी २.५ आणि ११ टक्के. ज्वारी ६.८ पर्यंत तग धरते, पण त्यापुढं दर एककाला १६ टक्के कोसळते. हराळीची मर्यादा ६.९ आहे आणि घट फक्त ६.४ टक्के. म्हणजे ६ डेसिसायमनच्या वावरात चवळी अडतीस-एक टक्के मार खाते, लसूणघास एकोणतीस आणि ज्वारी जवळपास काहीच नाही. हे आकडे क्षाराचे आहेत, चोपणपणाचे नाहीत. चोपण मातीत प्रत्यक्ष नुकसान याहून जास्त होतं.

हा फरक येतो कुठून? झाडाकडं ढोबळ तीन वाटा असतात. पहिली, सोडियम मुळातच अडवायचा. मुळातून वर जाणाऱ्या रसातला सोडियम परत ओढून घेणारी प्रथिनं असतात, त्यांच्या जनुकांच्या कुळाला एचकेटी म्हणतात. गव्हाच्या एका जुन्या नातलगातलं असं जनुक ऑस्ट्रेलियात नेहमीच्या संकरानं ड्युरम गव्हात आणलं. खारट जमिनीत उत्पादन २५ टक्क्यांनी वाढल्याचं २०१२ साली प्रसिद्ध झालं. दुसरी वाट म्हणजे सोडियम आत घ्यायचा, पण पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवायचा. हे काम एनएचएक्स कुळाचं. तिसरी, पानावरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकायचं. कर्नाल गवत आणि रोड्स गवत तसं करतात.

ढोरांच्या दृष्टीनं या तीन वाटा सारख्या नाहीत. पहिल्या वाटेचा चारा गोड राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या वाटेच्या चाऱ्यात किंवा त्याच्या पानांवर मीठ असतं. ढोरं पाणी जास्त पितात आणि खाणं कमी करतात. असा चारा कुटार-कडब्यात मिसळून द्यावा, आणि त्या दिवसांत मिठाचा खडा गव्हाणीतून काढावा.

आपल्या चोपण मातीसाठी जास्त कामाचा शोध ज्वारीत लागला. २०२३ साली चिनी शास्त्रज्ञांनी एटी१ नावाचं जनुक दाखवून दिलं. ते ब्रेकसारखं वागतं: अल्कधर्मी मातीत पेशीत साचणारं घातक हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर टाकणाऱ्या वाटा ते आवळतं. जनुक निकामी केलं की वाटा मोकळ्या होतात आणि झाड तगतं. असा बदल केलेलं ज्वारीचं बी आपल्याकडं विक्रीला नाही, त्यामुळं ‘खारपाण स्पेशल’ म्हणून कोणी पिशवी पुढं केली तर वाणाचं नाव आणि बिल आधी मागा.

मग वावरात जगलेल्या झाडाचं काय?

संकरित नेपियर हा बाजरी आणि नेपियरचा संकर. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपियरची २८, संकराची २१. जोड्या लागत नाहीत, म्हणून तो वांझ असतो आणि कांड्यांनीच लावला जातो. एका वाणाची सगळी ठोंबं म्हणजे एकच झाड. एक मेलं आणि शेजारचं जगलं तर तो मातीचा फरक. जगलेल्याच्या कांड्या लावून काही सुधारत नाही. उलट नेपियरचा उपयोग वावराचं मीटर म्हणून होतो: ठोंबं जिथं मरतात तिथं माती खराब. निवड करायचीच तर तीन-चार वाणांच्या दहा-दहा कांड्या एकाच खराब तुकड्यात मिसळून लावा आणि वाण निवडा.

ज्वारीत बहुतांश स्वपरागण होतं. शुद्ध वाणाची झाडं आतून जवळजवळ सारखीच, म्हणून तिथंही जगलेलं कणीस धरून फारसा फायदा नाही. घरच्या जुन्या मिश्र बियाण्यात मात्र शोधण्यासारखं काही असू शकतं. संकरित मक्याचं बी धरू नये, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

लसूणघासाचं तसं नाही. तिच्यात परपरागण होतं आणि प्रत्येक गुणसूत्र चार प्रतींत असतं, त्यामुळं वाण एकच असला तरी प्रत्येक झाड वेगळं. निवडीला इथं वाव आहे, पण चार प्रतींत वाईट गुण लपून राहतो. म्हणून एका फेरीत चमत्कार होत नाही, तीन-चार फेऱ्या धराव्या लागतात.

पाच गुंठे घ्या, मध्यम खराब जमिनीत. अगदी मेलेल्या तुकड्यात निवडायला काही उरत नाही. आरएल-८८ सारखा बहुवर्षीय वाण ४५ सेंटिमीटर ओळींत, झाडांत ३० सेंटिमीटर ठेवून लावा. साधारण ३,७०० झाडं बसतात. आता वावराचे १० चौरस मीटरचे ५० चौकोन पाडा आणि प्रत्येक चौकोनातून दोनच झाडं निवडा. सगळी गोम या चौकोनात आहे. अख्ख्या वावरातली शंभर उत्तम झाडं निवडली तर ती बहुतेक चांगल्या मातीच्या कोपऱ्यातलीच येतात, आणि मग निवड होते ती मातीची. तीन कापण्यांचं वजन किंवा निदान फुटवे पाहून मगच खुणेची काडी रोवा.

फेब्रुवारीनंतर निवडलेली झाडं बियाण्यासाठी सोडा. बाकीची फुलावर येण्याआधी कापत राहा. चाराही मिळतो आणि नको असलेला परागही फिरत नाही. फुलोऱ्यात फवारणी नको, कारण मधमाशीनं फूल उघडल्याशिवाय शेंग नीट धरत नाही. प्रत्येक झाडाचं सारखंच बी घ्या, चमचाभर. एकाच जोमदार झाडाचं भरपूर बी मिसळलं तर पुढं भाऊबंदकीत संकर होऊन जोम घटतो. त्याच कारणानं पाच-दहा झाडांवर बी धरू नये. अमरवेल दिसली तर ती झाडं उपटून जाळा.

घरी बी मिठाच्या पाण्यात उगवून पाहण्याचा मोह होतो. लिटरला ५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण ९ डेसिसायमन. पण उगवणीची सहनशक्ती आणि वाढलेल्या झाडाची सहनशक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मिठाच्या पाण्यात चोपणपणा येत नाही. त्यापेक्षा स्वतःच्या वावरातली ३०-६० सेंटिमीटरची माती ट्रेमध्ये भरा. तळाला भोकं हवीतच, नाहीतर क्षाराआधी कोंडलेलं पाणीच रोप मारेल.

आणि पहिल्याच दिवशी मूळ बियाण्यातलं अर्धा किलो कोरड्या डब्यात बाजूला काढून ठेवा. तीन फेऱ्यांनंतर ते आणि तुमचं निवडलेलं बी त्याच खराब तुकड्यात एकाआड एक ओळीत पेरायचं आहे, निदान चार जागी. मूळ बी उरलंच नसेल तर सुधारणा झाली की त्या वर्षी पाऊसच बरा होता, हे ठरवायला काही साधन राहत नाही.