तुम्ही विचारलंत म्हणून: डब्लिन उंच का वाढत नाही?

मुंबई-पुण्याहून नोकरीसाठी डब्लिनला आलेला माणूस भाड्याच्या घरासाठी दोन-चार महिने वणवण करतो आणि मग हमखास विचारतो, ‘इथं घरांची एवढी टंचाई आहे, तर हे लोक वीस-पंचवीस मजले का चढवत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. चार-पाच मजल्यांचं शहर, वर मोकळं आभाळ आणि खाली एकेका खोलीसाठी रांग. पण माझं मत आधीच सांगायचं तर, या शहराची जागा आभाळात वाया जात नाही. ती दोन ठिकाणी जाते: नव्या इमारतींच्या तळमजल्यात आणि जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांत.

जमीन भुसभुशीत आहे म्हणून उंच बांधता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. डब्लिनखाली हिमयुगात दाबून बसलेली गोट्यांची चिकणमाती आहे, चांगली घट्ट, आणि तिच्याखाली चुनखडीचा खडक. कॉर्कची गोष्ट वेगळी. ते शहर ली नदीच्या गाळावर आहे, तिथं पायलिंगवर (जमिनीत खोल खांब रोवण्यावर) बराच पैसा जातो. तरी 17 मजल्यांची ‘एलिशियन’ 2008 मध्ये तिथंच उभी राहिली आणि पुढची दहाएक वर्षं आयर्लंडच्या प्रजासत्ताकात तिच्याइतकी उंच राहती इमारत नव्हती.

खरी अडचण सूर्याची आहे. डब्लिन 53 अंश उत्तरेला आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो. गणित सोपं आहे: 20 मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी 85 मीटर लांब पडते. 60 मीटरच्या इमारतीची अडीचशे मीटरच्या पुढे जाते. मुंबईत त्याच दिवशी, त्याच वेळी 20 मीटरची सावली 18 मीटर असते, आणि आपल्याला ती हवीच असते. डब्लिनमध्ये सावलीचा अर्थ ओल, बुरशी आणि दिवसभर जळणारे दिवे. लिफी नदी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते, म्हणजे दक्षिण काठावर उंच काही बांधलं की हिवाळ्यात त्याची सावली थेट नदीवर आणि पलीकडच्या धक्क्यावर. म्हणून अर्जासोबत शेजारच्या खिडक्यांवर किती उजेड उरतो याचा हिशेब जोडावा लागतो. बऱ्याच प्रकल्पांचे वरचे मजले त्या हिशेबातच कापले जातात.

त्यात नियमांची भर. 2016 च्या शहर आराखड्यात मध्य भागात राहत्या इमारतीला 24 मीटर आणि कार्यालयांना 28 मीटर अशी मर्यादा होती, उपनगरात 16. पन्नास मीटरच्या वर जायची मुभा डॉकलँड्स (जुन्या गोदीचा भाग), कॉनली, ह्यूस्टन आणि जॉर्जेस की अशा मोजक्या भागांत. डिसेंबर 2018 मध्ये सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणून असे सरसकट आकडे काढून टाकले. तेव्हापासून उंचीला कायद्याची आडकाठी पूर्वीसारखी नाही, हे बहुतेकांना माहीतच नसतं. त्याच वर्षी नदीकाठी 79 मीटरची ‘कॅपिटल डॉक’ पूर्ण झाली. आणि तरीही शहर फारसं वर गेलं नाही, कारण पुढचा अडसर पैशाचा आहे. इमारत उंच होत गेली की अग्निशमनासाठी वेगळा जिना आणि लिफ्ट, स्प्रिंकलर, पाणी वर चढवायचे पंप, वाऱ्याच्या हिशेबाने जाड सांगाडा, जास्त दिवस उभी राहणारी क्रेन, हे सगळं वाढत जातं. दर मजल्यावर लिफ्ट आणि जिने जागा खातात आणि विकण्याजोगं क्षेत्रफळ घटतं. पाच-सहा मजल्यांत दर चौरस मीटरचा खर्च सर्वांत आटोक्यात राहतो. मुंबईत जमीन इतकी महाग आहे की हा वाढीव खर्च त्यात पचतो. डब्लिनमध्ये बहुतेक ठिकाणी पचत नाही.

शिवाय उंची आणि घनता यांची आपण गल्लत करतो. पुरावा डब्लिनमध्येच आहे: बॅलिमन. 1966 ते 1969 या काळात शहराच्या उत्तर टोकाला सरकारने तिथं 36 ब्लॉक उभारले, त्यांतले सात 15 मजली. 1916 च्या आयरिश स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सात जणांची नावं त्या टॉवरना दिली. काँक्रीटचे तयार पॅनल बसवून काम झपाट्याने उरकलं. पण टॉवरच्या मधोमध इतकी मोकळी जमीन सोडली होती की एकूण हेक्टरी घरं काही फार झाली नाहीत. ती जमीन कुणाचीच नव्हती. ना बाग, ना रस्ता, ना अंगण. दुकानं आणि सोयी उशिरा आल्या. लिफ्ट सतत बंद. घरं गरम ठेवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेवर घरातून ताबा नव्हता, म्हणून लोक भर थंडीत खिडक्या उघडून बसत. 1984 मध्ये सरकारने सरकारी घर सोडून स्वतःचं घर घेणाऱ्याला 5,000 पौंड द्यायला सुरुवात केली, आणि ज्यांच्या हाताला नियमित काम होतं ती कुटुंबं बॅलिमनमधून निघून गेली. त्या वस्तीचं कंबरडं मोडलं ते तेव्हा. पुनर्विकास 1997 मध्ये सुरू झाला आणि शेवटचा टॉवर पाडायला 2015 उजाडलं.

आयरिश माणूस उंच इमारतीचं नाव काढलं की मान हलवतो त्यामागे बॅलिमन आहे. आणि फ्लॅटबद्दलच साशंक असतो त्यामागे प्रायरी हॉल. ऑक्टोबर 2011 मध्ये अग्निसुरक्षेच्या दोषांमुळे ते 187 फ्लॅटचं संकुल रिकामं करावं लागलं. तो एकटा अपवाद नव्हता. 1991 ते 2013 या काळात बांधलेल्या 62,500 ते 1,00,000 फ्लॅटमध्ये दोष असावेत, असा अंदाज सरकारी कार्यगटाने 2022 मध्ये मांडला. दोष बाहेरून दिसत नाहीत. पाईप आणि केबल एका मजल्यातून दुसऱ्यात जातात तिथल्या फटी अग्निरोधक मसाल्याने भरायच्या राहिलेल्या असतात, आणि धूर त्याच वाटेने वर चढतो. त्या काळातला फ्लॅट विकत घेणार असाल तर स्वयंपाकघराच्या ओट्यापेक्षा कॉरिडॉरमधलं पाईपांचं कपाट उघडून बघा, आणि सोसायटीच्या व्यवस्थापनाकडे अग्निसुरक्षेचा अहवाल लेखी मागा.

आता तळमजला. डॉकलँड्समध्ये नव्या रस्त्यावरून चालताना बरेच जण म्हणतात, ‘सगळं छान आहे पण जीव नाही.’ त्याचं कारण वास्तुशैलीत शोधू नका, दारं मोजा. समजा इमारतीची रस्त्याकडची बाजू 50 मीटर आहे. त्यात गाड्यांच्या उताराचं तोंड आलं. वीज मंडळाच्या सबस्टेशनला रस्त्यावरून थेट दार लागतं, ते आलं. कचऱ्याची खोली, सायकलींची खोली, हवा खेचायच्या जाळ्या, अग्निशमनाचं प्रवेशद्वार आलं. उरलेल्यात एक लांबलचक काचेची लॉबी, आणि टोकाला ‘दुकानासाठी’ म्हणून ठेवलेला एक मोठा गाळा. तो इतका मोठा असतो की छोट्या दुकानदाराला भाडं झेपत नाही, मग काचेवर चित्रं चिकटवून तो वर्षानुवर्षं रिकामा. पुराच्या धोक्यामुळे जोतं उंच ठेवावं लागतं, म्हणून रस्ता आणि दार यांच्यामध्ये पायऱ्या, रॅम्प आणि कठडे. अर्ध्या किलोमीटरवरच्या जुन्या जॉर्जियन (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या सलग घरांच्या) गल्लीत तेवढ्याच 50 मीटरमध्ये सात-आठ घरं आणि सात-आठ दारं असतात. फरक तिथं आहे.

त्या जॉर्जियन गल्ल्यांशी शहर नेहमी नीट वागलं असंही नाही. फिट्झविल्यम स्ट्रीटवरची 16 घरं वीज मंडळाने 1965 मध्ये पाडली आणि कार्यालय बांधलं; शहरातली सर्वांत लांब अखंड जॉर्जियन रांग तिथं तुटली. ते कार्यालयही आता पाडून झालं आहे. त्या जागेची नवी इमारत ओमाहोनी पाइक या वास्तुविशारदांसोबत ग्राफ्टन आर्किटेक्ट्सने रचली, ज्यांच्या इव्हॉन फॅरल आणि शेली मॅकनमारा यांना वास्तुकलेचं 2020 चं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. विटांचं काम आणि शेजारच्या घरांची लय त्यांनी मनापासून परत आणली आहे. पण पाडलेलं पाडलंच.

मला सर्वांत जास्त टोचतं ते रिकाम्या वरच्या मजल्यांचं. थॉमस स्ट्रीट किंवा कॅपल स्ट्रीटवर दुकानाच्या पाटीच्या वर नजर टाका. मळलेल्या काचा, आतून लावलेला पुठ्ठा, पन्हळीतून उगवलेलं झुडूप. शहराच्या मधोमध, ट्रामपासून पाच मिनिटांवर. मालक आळशी आहे म्हणून हे असं राहतं, हे अर्धसत्य झालं. विसाव्या शतकात दुकान रुंद करायला घराचं बाजूचं दार आणि जिन्याखालची बोळ दुकानात घेतली गेली. आता वर जायचा रस्ता दुकानातूनच आहे, आणि तसं घर कुणाला राहायला देता येत नाही. वेगळं दार काढायचं तर दुकानाचा जवळजवळ सव्वा मीटर दर्शनी भाग जातो, म्हणजे भाडं जातं. दुकान आणि घर यांच्यामधल्या तक्तपोशीला तासभर आग अडवता आली पाहिजे. तिथं तर लाकडी पट्ट्यांवरचा दोनशे वर्षांचा चुन्याचा गिलावा. अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र वेगळं, अपंगांच्या सोयीचं वेगळं, आणि इमारत संरक्षित यादीत असेल तर साध्या खिडकीलाही आधी विचारायचं.

त्यात वर्षानुवर्षं बंद घराचं छप्पर. या घरांच्या दर्शनी कठड्यामागे दोन उतारांच्या मधोमध शिशाच्या पत्र्याची एक पन्हळ असते. रस्त्यावरून ती दिसत नाही. पानं आणि कबुतरांची घाण साचून ती तुंबली की पाणी थेट भिंतीत शिरतं. डब्लिनच्या जुन्या भिंतींत विटांच्या थरांमध्ये आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या असतात. त्या कुजतात, बुरशी धरते आणि तुळयांची टोकं बसतात. वर्षातून दोनदा पन्हळ साफ करायला काही हजारो युरो लागत नाहीत. ते न केल्यामुळे पुढे परांची बांधून अख्खी भिंत उतरवावी लागते. दुसरी चूक सिमेंटची. विटांमधल्या दरजा उघड्या पडल्या की कुणीतरी त्या सिमेंटने भरतं. जुनी वीट मऊ, तिची ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडत असते. सिमेंटने वाट बंद झाली की पाणी विटेत अडकतं, थंडीत गोठतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. दरजा चुन्यानेच भराव्यात, दुसरा मार्ग नाही.

2022 च्या जनगणनेत, सुट्टीची घरं वगळून, देशभरात 1,66,752 घरं रिकामी सापडली. रिकाम्या घराच्या दुरुस्तीला 50,000 आणि मोडकळीला आलेल्याला 70,000 युरोपर्यंत अनुदान आहे. घर 2007 पर्यंत बांधलेलं आणि दोन वर्षं रिकामं असावं लागतं. योजना चांगली आहे, पण चार मजल्यांच्या दुकानघरात जिना, दार आणि तक्तपोशी यांतच ती रक्कम संपू शकते. माझ्या मते एकेक घर न बघता सलग सहा-सात घरांना मागून एकच सामाईक जिना आणि लिफ्ट द्यायला हवी, आणि तो खर्च शहराने उचलावा.

नवं बांधकाम चांगलं होऊ शकतं याचं माझं आवडतं उदाहरण लिबर्टीज भागात आहे: कॉर्क स्ट्रीटवरचं टिंबरयार्ड, 2009, ओडॉनेल अँड टूमी या वास्तुविशारदांचं. रस्ता रुंद करताना उघड्या पडलेल्या तुकड्यावर 47 सामाजिक घरं, विटांच्या भिंती, मधोमध चौक. एकही मजला विक्रमी उंचीचा नाही. चौकात उभं राहिलं की प्रत्येक घराचं दार, खिडकी किंवा सज्जा दिसतो.

तुमच्या गल्लीत नवीन इमारत येणार असेल तर कुंपणावर पांढऱ्या कागदावरची नोटीस लागते. सहा महिन्यांत त्याच जागेचा दुसरा अर्ज असेल तर कागद पिवळा. कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, अर्ज पोहोचल्यापासून पाच आठवड्यांत 20 युरो भरून कुणीही लेखी निरीक्षण देऊ शकतं, त्याला नागरिकत्व लागत नाही. तेव्हा काही पाठवलं नाही तर नंतर 220 युरोचं अपीलही सहसा करता येत नाही. नकाशांतला तळमजल्याचा कागद काढा आणि रस्त्याकडच्या बाजूवर दारं किती, जाळ्या किती, सबस्टेशन कुठे, गाळे किती मीटरचे, एवढं मोजून लिहा. मोठे गाळे पाच-सहा मीटरच्या तुकड्यांत विभागावेत आणि तळमजल्याच्या घरांना रस्त्यावरून थेट दार द्यावं, अशी नेमकी मागणी करा. ‘इमारत फार उंच आहे’ एवढंच लिहिलेली पत्रं कौन्सिलच्या फाइलमध्ये आधीच ढिगाने असतात.